देवमाशाच्या दांतावरील बखर

इतिहासाच्या साधनांचा वाद महाराष्ट्रांत जुना आहे. राजवाड्यांनीं १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. तेव्हांपासून बखरीवर कितपत विश्वास ठेवावा आणि अस्सल पत्रास किती मान द्यावा, ह्याची चर्चा आपल्याकडील सुशिक्षित मंडळींत होत आली आहे. परंतु ह्या वादांत एक गोष्ट दोन्ही पक्षांनीं बहुधा गृहीत धरलेली असते. ती ही कीं, इतिहास लिहिलेला असतो, आणि तो लिहिणारा कारकून, वकील, सरदार किंवा शास्त्री असतो. ज्याच्या वांट्याला लेखणीऐवजीं वल्हें आलें, ज्याचें नांव मालकाच्या खतावणींत केवळ देण्याघेण्याच्या रकान्यांत उरलें, अशा माणसाची बाजू कोठें शोधावयाची? आज आम्ही वाचकांपुढें असें एक साधन ठेवीत आहोंत कीं, जें कागदही नव्हे, ताम्रपटही नव्हे आणि शिलालेखही नव्हे. तें साधन म्हणजे देवमाशाचा दांत.

लंडनच्या 'अ‍ॅडम' नांवाच्या जहाजावरील खलाशांनीं पॅसिफिक महासागरांतील गालापागोस बेटांजवळ एक देवमासा मारला. त्याच्या एका दांतावर कोणीतरी चित्र कोरलें आणि त्याखालीं एवढीच हकीकत नोंदली कीं, हा दांत अमुक ठिकाणीं अमुक जहाजाच्या लोकांनीं धरलेल्या देवमाशाचा असून त्यापासून शंभर पिंपें तेल निघालें, साल १८१७. कोरणाऱ्यानें स्वतःचें नांव मात्र घातलें नाहीं. चित्रें कोरलेल्या आणि सालाचा उल्लेख असलेल्या दांतांत हा सर्वांत जुना समजला जातो. मजकूर पाहिला तर एखाद्या पावतीसारखा रुक्ष. पण कोरण्यास लागलेले तास मनांत आणले म्हणजे ही पावती मालकासाठीं नव्हती, हें उघड होतें. तेलाची पावती मालकाच्या वहींत होतीच. ही दुसरी पावती कोणासाठीं, हाच ह्या लेखाचा विषय आहे.

ह्या कोरीव कामास इंग्रजींत स्क्रिमशॉ असें विचित्र नांव आहे. त्याची व्युत्पत्ति कोशकारांस आजवर निश्चित करतां आलेली नाहीं. १८२६ सालच्या एका जहाजाच्या रोजनिशींत ह्याच शब्दाचें एक रूप आढळतें. हवा मंद आहे, धुकें दाट आहे, आणि सर्व मंडळी ह्या कामांत गुंतलेली आहे, अशा अर्थाची ती नोंद आहे. म्हणजे हा शब्द जन्मला तो वारा पडलेल्या दिवसांच्या पोटीं, हें त्या एका ओळीवरून कळतें. देवमाशाचे दांत, जबड्याचें हाड, तोंडांतील कंगव्यासारख्या लवचीक पट्ट्या, तसेच वॉलरस ह्या जलचराचे सुळे, ह्यांवर खलाशांनीं केलेलें सर्व कोरीव काम ह्या नांवाखालीं येतें.

वाऱ्याची वाट पाहात बसलेली ही मंडळी समुद्रांत गेलीच कां, हें प्रथम पाहिलें पाहिजे. देवमासा हा नांवानेंच मासा. वस्तुतः तो पिलांस दूध पाजणारा सस्तन प्राणी. त्यांतील स्पर्म जातीच्या देवमाशाच्या प्रचंड डोक्यांत एक मेणचट तेल असतें. त्याच्या मेणबत्त्या धूर न होतां स्वच्छ जळत. त्याच्या चरबीचें तेल दिव्यांस व यंत्रांस लागे. रॉकेलपूर्वीच्या काळांत युरोप-अमेरिकेंतील शहरांचे दिवे आणि नव्या गिरण्यांचीं चात्यें बऱ्याच अंशीं ह्या प्राण्यावर चालत. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील नॅन्टकेट हें लहानसें बेट आणि त्यानंतर न्यू बेडफर्ड हें बंदर ह्या धंद्याचीं मुख्य ठाणीं होतीं. १८४६ च्या सुमारास एकट्या अमेरिकेचीं सातशेंहून अधिक जहाजें ह्या शिकारीवर होतीं, आणि १८५७ मध्यें एकट्या न्यू बेडफर्डचीं तीनशेंहून अधिक. जवळच्या समुद्रांतील देवमासे संपत गेले, तसतशी जहाजें दूर दूर जाऊं लागलीं. केप हॉर्नला वळसा घालून पॅसिफिकमध्यें, तेथून जपानच्या बाजूस, आणि शेवटीं उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फापर्यंत त्यांची मजल गेली. एकेक सफर तीन-चार वर्षांची होई.

खलाशास पगार नसे. नफ्यांत हिस्सा असे. कप्तानास पंधराव्या-सोळाव्या भागाच्या आसपास मिळे, तर नवख्या पोरास पावणेदोनशेव्या, दोनशेव्या किंवा त्याहूनही लहान भागावर समाधान मानावें लागे. त्यांतून जहाजावर घेतलेले कपडे, तंबाखू आणि उचल वजा होई. चार वर्षांनीं घरीं परतलेला खलाशी हिशेब पुरा झाल्यावर जवळजवळ रिकाम्या हातानें, क्वचित् कर्जबाजारीही, जहाजावरून उतरे. सर्व धोका मात्र त्याचा होता. सहा माणसांची हलकी होडी देवमाशाच्या अंगाला भिडवावयाची, दोरबंद भाला मारावयाचा आणि पिसाळलेल्या प्राण्याच्या मागें फरफटत जावयाचें, अशी ती शिकार होती.

परंतु शिकार ही चार वर्षांतील फार थोड्या दिवसांची गोष्ट. एकाच वेळीं तीन-चार होड्या सोडतां याव्या म्हणून ह्या जहाजांवर शीड हाकण्यास लागतील त्याहून पुष्कळ अधिक माणसें ठेवीत. देवमासा दिसला नाहीं कीं ह्या माणसांस काम नसे. डोलकाठीवर पाळीपाळीनें चढून क्षितिजाकडे पाहावें, आणि खालीं उतरून पुन्हां तेंच निळें पाणी पाहावें. असे आठवडे नव्हे, महिने जात. जहाजाच्या रोजनिशींत दुय्यम अधिकारी देवमासा मारला कीं समासांत देवमाशाचा शिक्का उठवी; निसटला तर नुसत्या शेपटीचा. हे शिक्के देखील पुष्कळदां देवमाशाच्याच दांतापासून कोरलेले असत. त्या रोजनिशा आज हजारोंच्या संख्येनें उपलब्ध आहेत, आणि त्यांत पानेंच्या पानें एकही शिक्का दिसत नाहीं. आमच्या मतें स्क्रिमशॉचा इतिहास त्या कोऱ्या समासांचा इतिहास आहे.

साहित्य तर पायांशींच पडलेलें असे. स्पर्म देवमाशास दिसण्याजोगे दांत फक्त खालच्या जबड्यांत असतात. प्रत्येक बाजूस अठरापासून सव्वीसपर्यंत. मोठ्या नराचा एकेक दांत वीतभर लांब आणि वजनानें किलोपर्यंत भरतो. जबडा तोडून जहाजावर ओढून घेत, आणि हिरडी सैल झाली म्हणजे दोरखंड व कप्पी लावून दांत उपटीत. तेलाच्या दृष्टीनें दांताची किंमत शून्य. मात्र फिजी बेटांत घासून गुळगुळीत केलेला हाच दांत अत्यंत पवित्र मानीत. लग्न, मरण, तह, क्षमायाचना अशा प्रसंगीं तो अर्पण करण्याची चाल तेथें आजही आहे. पॅसिफिकच्या कांहीं बेटांत दांतांच्या बदल्यांत मोलाचा माल मिळे, आणि ही गोष्ट थोड्याच व्यापाऱ्यांस ठाऊक होती. १८१५ मध्यें अमेरिकन आरमारी अधिकारी डेव्हिड पोर्टर ह्यानें आपल्या प्रवासवृत्तांत ती जाहीर केली. जो तो दांत घेऊन त्या बेटांकडे जाऊं लागला, तेव्हां त्यांचें मोल घसरलें आणि ते सामान्य खलाशाच्या हातीं सहज येऊं लागले, असें ह्या विषयाच्या अभ्यासकांचें मत आहे. वर सांगितलेल्या 'अ‍ॅडम'च्या दांताचें साल १८१७ आहे, हें ह्या मताशीं चांगलें जुळतें.

ही विद्या शिकविणारी शाळा नव्हती. नवखा खलाशी जुन्याच्या शेजारीं बसे आणि पाहून शिके. दांत मूळचा पिवळसर, खडबडीत आणि उभ्या वळ्यांचा असतो. तो खाऱ्या किंवा गरम पाण्यांत भिजवून थोडा नरम करीत. मग चाकूनें वळ्या तासावयाच्या, कानशीनें सारख्या करावयाच्या, नंतर मुशीच्या खरखरीत कातड्यानें आणि ज्वालामुखींतून निघणाऱ्या हलक्या सच्छिद्र दगडानें घासावयाचें, आणि शेवटीं राख, तेल व फडकें घेऊन हाताच्या तळव्यानें चकाकी येईपर्यंत चोळावयाचें. चित्राची पहिली रेघ पडण्यापूर्वीं कित्येक दिवस ह्या घासण्यांत जात. ज्याला घाई आहे त्याचें हें कामच नव्हे. समुद्रावर घाई कोणासच नव्हती.

यानंतर चित्राची आंखणी. येथेंच ह्या कलेची खरी कसोटी आहे. बहुतेक खलाशांस चित्र काढतां येत नव्हतें. त्यांनीं त्यावर जो उपाय काढला तो आपल्या घरांतील स्त्रियांस परका वाटणार नाहीं. भरतकामाचा नमुना कापडावर उतरविण्यासाठीं कागदास सुईनें भोंकें पाडून त्यांतून पूड झाडण्याची रीत आपल्याकडे आहे. खलाशी मासिकांतील किंवा पुस्तकांतील चित्राचा कागद दांताभोंवतीं घट्ट गुंडाळी आणि चित्राच्या रेघांवरून सुईनें टोंचीत जाई. कागद काढला कीं दांतावर ठिपक्यांची रांग उरे, आणि मग चाकूच्या टोंकानें ठिपका ठिपक्यास जोडावयाचा. संग्रहालयांतील पुष्कळ दांतांवर भिंगांतून पाहिलें असतां रेघांच्या टोंकांशीं हे बारीक ठिपके आजही दिसतात. १८३० मध्यें सुरू झालेल्या एका अमेरिकन स्त्रीमासिकांतील वेषभूषेचीं चित्रें, १८३७ मध्यें निघालेल्या चाचेगिरीच्या पुस्तकांतील अल्विल्डा नांवाची तलवारधारी स्त्री, १८१२ च्या युद्धांतील आरमारी लढाया, वॉशिंग्टन, राणी व्हिक्टोरिया, गरुड, आणि फ्रेंच चित्रकार गार्नरे ह्याच्या देवमाशाच्या शिकारीच्या छापील चित्रांवरून घेतलेले प्रसंग, हे विषय पुनः पुनः येतात तें ह्यामुळें.

पण कागद सपाट आणि दांत गोल. बुंधा रुंद, टोंक निमुळतें, शिवाय कण्यास बांक. सपाट चित्र जसेंच्या तसें उतरविलें तर शिडें आंखडतात आणि माणसांचीं तोंडें वांकडीं होतात. म्हणून कसबी कोरणारा प्रथम दांत हातांत फिरवून पाही. जहाज काढावयाचें तर त्याचा रुंद सांगाडा बुंध्याकडे ठेवून डोलकाठ्या टोंकाकडे निमुळत्या होऊं द्याव्या, म्हणजे दांताचा आकारच जहाजाचा आकार होतो. उभी स्त्री असेल तर घागऱ्याचा घेर बुंध्याशीं आणि केंसांचा जुडा टोंकाशीं. एका बाजूस शिकारीचा प्रसंग, तर दुसऱ्या बाजूस घराकडे परतणारें जहाज. दोहोंची सांधेजोड दिसूं नये म्हणून मधून वेलबुट्टी किंवा दोरीच्या पिळाची किनार. बुंध्याकडील बाजूस आंतून पोकळी असते, तेव्हां तेथें खोल कोरतां येत नाहीं, हेंही ध्यानांत ठेवावें लागे. दांतानें जें देऊं केलें असेल तेंच घ्यावयाचें, हा ह्या आंखणीचा नियम.

कोरण्याचीं हत्यारें साधीं होतीं. शीड शिवण्याची सुई लांकडी मुठींत बसवावी किंवा खिशांतला चाकू घ्यावा. 'मोबी डिक' ही कादंबरी लिहिणारा हर्मन मेलव्हिल स्वतः १८४१ मध्यें देवमाशांच्या जहाजावर खलाशी म्हणून गेला होता. १८५१ च्या त्या ग्रंथांत त्यानें ह्या कामाचा उल्लेख केला आहे. कांहींजवळ दांतवैद्याच्या सारखीं हत्यारें असतात, पण बहुतेकांचें काम एका चाकूवर भागतें, अशी त्याची साक्ष आहे. रेघा पडल्या कीं त्यांवर काजळ, तेल कढविण्याच्या कढयांची मस, तंबाखूचा रस किंवा शाई चोळीत. वरचें पुसून टाकलें कीं चकाकत्या पृष्ठभागावर रंग टिकत नाहीं. फक्त चिरेंत राहतो. तेव्हां कोठें चित्र उघडें पडे. कोणी पताकेस लाल आणि पानांस तांब्याच्या जंगालाचा हिरवा रंगही भरी. चुकलेली रेघ खोडतां येत नसे. तेवढा भाग पुन्हां तासावा लागे, आणि मग तेथला गोलावा बिघडे.

आतां कोणी रसिक असा प्रश्न करील कीं, छापील चित्रावर सुई टोंचून उठविलेल्या नकलेस कला कां म्हणावें? हा आक्षेप वाजवी आहे आणि तो टाळतां येणार नाहीं. आम्हांस त्याचें उत्तर त्या दांतांवरच सांपडतें. वेषभूषेच्या चित्रांतील स्त्री खलाशानें जशीच्या तशी उचलली. कारण जहाजावर ती नव्हती आणि तिच्या झग्याची घडी त्यास ठाऊक नव्हती. पण जहाज काढावयाची पाळी आली कीं नक्कल मागें पडते. कोणता दोर कोणत्या शिडास बांधलेला असतो, देवमासा बाजूस बांधून चरबी सोलतांना जहाज कसें कलतें, होडींत भालेकरी कोठें उभा राहतो, हें तो कोणा चित्रकारास विचारीत नाहीं. त्याचे पहिले परीक्षक शेजारीं बसलेले खलाशी होते, आणि एक दोर चुकला तर त्यांनीं त्याची थट्टा केली असती. ज्याची आंस होती तें त्यानें उसनें घेतलें. जें जगला तें स्वतःच्या ज्ञानानें काढलें. एकाच दांतावर हे दोन हात शेजारी शेजारी दिसतात. ह्याहून अधिक प्रामाणिक आत्मवृत्त आम्ही तरी क्वचित् वाचलें आहे.

दांतांखेरीज घरगुती वस्तूही पुष्कळ होत, आणि त्यांत ह्या माणसांचें मन अधिक मोकळें होतें. स्त्रियांच्या कांचोळीत उभी घालावयाची हाडाची पट्टी ही त्यांपैकी मुख्य. ती छातीशीं लपलेली असे, म्हणून तिच्यावर घर, बाग, बदाम आणि विरहाचीं पद्यें कोरीत. सूत गुंडाळण्याचें उघडझाप करणारें चक्र शंभरांवर लहान पट्ट्या जोडून बनवीत. आपल्याकडे करंजीची कड कापण्यास जसें कातणें असतें, तसेंच कातणें तिकडे फळांच्या पोळीची कड दाबण्यास लागे. खलाशी दांत कोरून त्याचें दातेरी चाक करी आणि मुठीस घोड्याचा किंवा हाताच्या मुठीचा आकार देई. चार वर्षें पत्रांची खात्री नाहीं, परतण्याची खात्री नाहीं, अशा माणसानें आईच्या किंवा बायकोच्या स्वयंपाकघराचा विचार करीत भूमध्यरेषेवर बसून कातणें घडवावें, ह्या गोष्टीवर अधिक भाष्य करण्याची जरूर नाहीं.

बहुतेक कोरणारे अनामिक राहिले. दोघांचीं नांवें मात्र ठळक आहेत आणि दोघेही नॅन्टकेटचे. एडवर्ड बर्डेट (१८०५–१८३३) हा नांवानिशीं ओळखला जाणारा पहिला अमेरिकन कोरणारा समजतात. त्याच्या खोल, काळ्याभोर रेघांतील शिकारीचीं जहाजें ओळखूं येण्याइतकीं स्वतंत्र आहेत. अठ्ठाविसाव्या वर्षीं शिकार चालू असतां भाल्याच्या दोरांत तो गुरफटला आणि देवमाशानें त्यास समुद्रांत ओढून नेलें. जो प्रसंग तो दांतांवर कोरीत असे त्यांतच त्याचा अंत झाला. दुसरा फ्रेडरिक मायरिक. 'सुसान' जहाजावरील सफरींत, १८२८ च्या अखेरीपासून १८२९ पर्यंत, त्यानें जे दांत कोरले त्यांपैकी तिसांहून अधिक आज ज्ञात आहेत, आणि त्यांतील बहुतेकांवर त्यानें आपलें नांव व तारीख घातली आहे. त्यांतल्या कांहींवर जिवंत देवमाशांस मरण, मारणाऱ्यांस दीर्घायुष्य, खलाशांच्या बायकांस यश आणि शिकाऱ्यांस तेलकट भाग्य लाभो, अशा अर्थाच्या ओळी आहेत. ह्या चार इच्छांत त्या धंद्याचें सारें तत्त्वज्ञान आलें. पहिल्या दोन इच्छा वाचतांना आजच्या वाचकाचें मन अडखळतें, आणि अडखळलेंच पाहिजे.

कारण हीही बखरच आहे, आणि बखरीस जे दोष असतात ते हिलाही आहेत. दांतांवर विजय आहेत. फटके फार थोडे. देवमाशानें फोडलेली होडी पुष्कळ वेळां दिसते, कारण त्यांत शौर्य आहे. किडलेलें अन्न, हिशेबांतली लबाडी, मध्येंच एखाद्या बेटावर पळून गेलेले सोबती, ह्या गोष्टी कोरण्याजोग्या कोणास वाटल्या नाहींत. ह्या जहाजांवर कृष्णवर्णी अमेरिकन, अझोर्स व केप व्हर्ड बेटांतले, पॅसिफिक बेटांतले असे नाना वंशांचे लोक एकत्र राबत. १८४८ मध्यें देवमाशाच्या अंगांतून न निसटणारा सुधारलेला भाला बनविणारा न्यू बेडफर्डचा लोहार लुईस टेंपल हाही कृष्णवर्णीच होता. परंतु दांतांवरील चित्रांत हे चेहरे विरळाच आढळतात. तें सारें हुडकण्यासाठीं रोजनिशा, हिस्सेरशीच्या वह्या आणि खटल्यांचे कागदच पाहावे लागतात. बखर टाकूं नये, पण कागदाशीं पडताळून पाहावी, हा आपल्याकडील शहाणपणाचा नियम येथेंही तंतोतंत लागूं पडतो.

ह्या धंद्याचा ऱ्हास अनेक बाजूंनीं झाला. १८५९ मध्यें पेनसिल्व्हानियांत भूमींतून खनिज तेल निघालें आणि स्वस्त रॉकेल घरोघर पोंचलें. १८७१ मध्यें अलास्काच्या उत्तरेस बर्फांत सांपडून तेहतीस जहाजें सोडून द्यावीं लागलीं. १९२४ मध्यें न्यू बेडफर्डहून निघालेलें 'वाँडरर' किनाऱ्याजवळच खडकांवर फुटलें, आणि पुढच्या वर्षीं शिडांचा तो जुना धंदा तेथें संपला. १८४१ मध्यें समुद्रांत उतरलेलें आणि ऐशीं वर्षांत सदतीस सफरी केलेलें 'चार्ल्स डब्ल्यू. मॉर्गन' हें एकच तशा प्रकारचें लांकडी जहाज कनेटिकटमधील मिस्टिक येथें जपून ठेवलेलें आहे. मात्र देवमाशांवरील संकट त्याबरोबर टळलें, असें कोणी समजूं नये. यंत्रबोटी आणि स्फोटक भाले हातीं आल्यावर विसाव्या शतकानें स्पर्म देवमाशांचा जेवढा संहार केला, तेवढा शिडाच्या जहाजांस सबंध एकोणिसाव्या शतकांत साधला नव्हता. अमेरिकेनें १९७२ मध्यें सागरी सस्तन प्राण्यांच्या रक्षणाचा कायदा केला; व्यापारी शिकारीवरील आंतरराष्ट्रीय स्थगिती १९८२ मध्यें ठरून १९८६ पासून अमलांत आली, आणि तीही सर्व राष्ट्रांनीं पाळली नाहीं.

खलाशाच्या ट्रंकेंत पडून राहिलेल्या दांतांस पुढें विलक्षण प्रतिष्ठा आली. न्यू बेडफर्ड व नॅन्टकेट येथील संग्रहालयांत ते कांचेआड बसले. राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी ह्यांस त्यांचा मोठा शोक होता. १९६३ मध्यें त्यांच्या शवपेटींत त्यांच्या पत्नीनें राष्ट्राध्यक्षाची मुद्रा कोरलेला एक दांत ठेवला. किंमत वाढली तशी नक्कलही वाढली. कृत्रिम पदार्थांचे सांचेबंद 'जुने' दांत बाजारांत आले, त्यांवर जुनीं सालें आणि प्रसिद्ध जहाजांचीं नांवें. जाणकार त्यांस वजनावरून, बुंध्याच्या पोकळीवरून, आंतल्या थरांवरून ओळखतो. तापलेल्या सुईनें कृत्रिम पदार्थ वितळतो, दांत वितळत नाहीं. खोट्या सनदांचा अनुभव असलेल्या आपल्या संशोधकांस ह्यांत नवल वाटणार नाहीं. ज्या साधनाची बनावट होऊं लागते त्यास जगानें साधन म्हणून मान्यता दिली, असेंच समजावें.

ही कला आज शिकूं इच्छिणाऱ्यानें देवमाशाच्या किंवा हत्तीच्या दांताचा विचारच मनांतून काढून टाकावा. आपल्या देशांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें तो मार्ग बंद आहे. ह्याच स्पर्म देवमाशाच्या पोटांतील अंबर विकण्याच्या आरोपावरून कोंकण किनाऱ्यावर माणसें पकडली जातात, हें वर्तमानपत्रांत आपण वाचतोंच. पण त्यामुळें कांहीं अडत नाहीं. सावंतवाडीकडे शिंगकामाची जुनी परंपरा आहे, तेव्हां मेलेल्या जनावरापासून उरलेल्या वस्तूस घाट देणें आपल्यास नवें नाहीं. गुराचें स्वच्छ केलेलें हाड पुरेसें आहे. पाश्चात्य देशांत एका ताडवर्गीय झाडाची टणक पांढरी बीही वापरतात. हाडांत बारीक छिद्रें असतात आणि शाई त्यांत झिरपून डाग पडतो. म्हणून घासून झाल्यावर त्यावर मेण चोळून छिद्रें बुजवावीं, मग कोरावें. पहिलें चित्र लहान आणि थोड्या रेघांचें असावें. उजेड कोणत्या बाजूनें येतो हें आधीं ठरवून सावलीच्या भागीं रेघा दाट घ्याव्या, किंवा नुसत्या ठिपक्यांनीं छाया भरावी. आणि सर्वांत मुख्य म्हणजे आंखणी हाडाच्या आकारावरून करावी. मनांतला आकार हाडावर लादूं नये. दोनशें वर्षांपूर्वीच्या अशिक्षित हातांस जें कळलें होतें तेंच आज शिकावयाचें आहे.

परंतु शिकणाऱ्यानें केवळ हस्तकौशल्य घेऊन थांबूं नये. त्या जुन्या दांतांपुढें उभें राहिलें असतां दोन भावना एकदम मनांत येतात आणि त्यांतली एकही दुसरीस खोटी ठरवीत नाहीं. एका बाजूस, एका निरपराध व अवाढव्य प्राण्याचा घात करून मिळालेला हा अवशेष आहे. त्याच्या मरणावर शहरें उजळलीं आणि मालक श्रीमंत झाले. दुसऱ्या बाजूस, तो घात ज्यांच्या हातून करविला गेला त्या माणसांच्या वांट्यास त्या अफाट संपत्तींतून जें खरोखर आलें तें हें एवढेंच: मालकास नको असलेला एक दांत आणि कोणासच नको असलेला रिकामा वेळ. ह्या दोन टाकाऊ वस्तूंपासून त्यांनीं आपली बखर लिहिली. तेलाचे हिशेब वह्यांत वाळून गेले, मेणबत्त्या जळून गेल्या. 'अ‍ॅडम'च्या त्या अनामिक खलाशानें कोरलेली पावती मात्र आजही वाचतां येते, आणि तींत शंभर पिंपांच्या मागें नांव नसलेला एक हात स्पष्ट दिसतो. इतिहासाचें साधन ह्याहून निराळें काय करतें?